तू आधी जाऊन ये

दादा गेल्यानंतर मला एक विचित्र सवय लागली. कुठल्याही दवाखान्यात शिरलो आणि फिनेलचा वास आला की मला जांभई यायची. भीती नाही, रडू नाही, जांभई. बायको कोपरानं ढोसायची, “अहो, लोक बघतात, तोंडावर हात तरी ठेवा.” आता लोकांना काय सांगायचं? वर्षभर मी थोरल्या भावाला घेऊन नगरच्या आणि पुण्याच्या दवाखान्यांतल्या बाकांवर बसलो होतो. रक्त तपासायच्या रांगा, केमोचे दिवस, कॅन्टीनचा पाणचट चहा, ‘साहेब राउंडला गेलेत, बसा’ हे वाक्य. तो सगळा शीण अंगात असा मुरला होता, की दादाला जाऊन वर्ष होत आलं तरी तो निघायला तयार नव्हता. सकाळी उठलो तरी दमलेलाच उठायचो.

दादाला आतड्याचा कॅन्सर होता. संडासाच्या वाटेनं रक्त जायचं, तर हा बाबा मूळव्याध आहे म्हणून कुणाकुणाच्या पुड्या खात राहिला. शेवटी एका डॉक्टरनं खालून दुर्बीण घालून आतडं बघायचं ठरवलं. कोलोनोस्कोपी म्हणतात तिला. आमच्याकडे सगळे ‘खालची दुर्बीण’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज उतरवतात. दादा गेला, टेबलावर आडवा झाला आणि अर्ध्यातून उठून आला. म्हणाला, पोट फुटायची वेळ आली, थांबा थांबा म्हणत होतो तरी कोणी थांबेना, आणि वर कोणीतरी हसलं. कोण हसलं, त्यालाच हसलं का, देव जाणे. पण पायजम्याची नाडी बांधत तो बाहेर आला तो हेच बोलत, “मेलो तरी परत त्या खोलीत पाय ठेवणार नाही.”

शब्दाचा पक्का माणूस. पुढं आम्ही त्याला जवळजवळ उचलूनच नेला, तेव्हा गाठ लिव्हरपर्यंत पोचली होती. मला अजून ठरवता येत नाही की राग कोणाचा धरायचा. दादाचा, त्या हसणाऱ्याचा, की त्या खोलीतल्या घाईचा. तूर्तास मी सगळ्यांचाच धरून आहे. माझ्याकडे रागाला कमी नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की हे घराण्यात फिरू शकतं, पाठच्या भावंडांनी आपलं आतडं तपासून घ्या. पाठची भावंडं म्हणजे मी आणि आक्का. आक्का दादाच्या पाठची आणि माझ्याहून मोठी. ती घोडेगावच्या अलीकडं वस्तीवर राहते. दाजी वारून बरीच वर्षं झाली. मुलगा, सून आणि म्हशी यांच्यात तिचा दिवस जातो. मी नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर जन्म घालवून रिटायर झालेला, नगरमध्येच दोन खोल्यांत राहणारा. डॉक्टरांचं मी ऐकलं, मान हलवली आणि घरी येऊन झोपलो. खरं सांगायचं तर परत एकदा तो बाक, तो वास, तो चहा नको होता. आपल्याला काही होत नाहीये ना, मग कशाला?

दादाच्या वर्षश्राद्धाला आक्का दोन दिवस आमच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी बायको मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाली, “वन्संनी पहाटे उठून मोरीत काहीतरी धुतलं. मी दिवा लावला तर दचकल्या. रक्त होतं हो.”

 आक्का गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, “कधीपासून जातंय?”

तिनं मेथीवरची नजर काढली नाही. “उष्नता हाय ती. उन्हाळ्यात व्हतंच.”

“दादा हेच म्हणायचा.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची आसती.”

“मूठ झाकायची असते आक्का, दुखणं नाही!” मी इतका जोरात ओरडलो, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आक्का शांत. आमच्यात ओरडायचं खातं माझ्याकडे आणि गप्प बसायचं तिच्याकडे, हे लहानपणापासूनचं आहे. मेथीची जुडी संपवून तिनं पदर झटकला आणि मला विचारलं, “डाक्टरनं दोघांन्ला सांगितलंय. तू जाऊन आला का?”

मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागलो.

“मंग मला काय शिकवितो? तू आधी जाऊन ये. आन् गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं न्हाई. डोळं उघडं ठेवून बघ. आत कोन कोन आसतंय, कापडं कुठवर काढत्यात, थांबा म्हनलं तर थांबत्यात का, कोन हसतं का. समदं बघ आन् मला येऊन सांग. मंग बघीन मी.”

“गुंगी दिली तर काहीच कळत नाही म्हणे. तेच बरं असतं.”

“कळत न्हाई म्हनूनच नको. बाईमानसानं परक्याफुडं बेसुद पडायचं?”

तिच्यापुढं कोणाचं चाललंय का कधी. मी गेलो. मला काही फार धैर्य आलं होतं म्हणून नाही. मी गेलो नाही तर ती जाणार नव्हती, आणि ती गेली नाही तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. परत एका माणसाला खांदा देण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती, एवढंच.

दुर्बिणीपेक्षा तिच्या आदल्या दिवशीचा ताप मोठा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आतडं धुऊन काढायची पावडर असते. ती मोठ्या बाटलीभर पाण्यात मिसळायची आणि थोडी थोडी करत सगळी प्यायची. चव मिठाच्या पाण्यात कोणीतरी लिंबाचं साल विसरल्यासारखी. त्या आधी दोन दिवस पालेभाजी बंद, बियांचं काही नाही, आणि पावडरीच्या दिवशी तर नुसतं पातळ. पाणी, नारळपाणी, गाळलेला रस. नर्सनं बायकोला समजावून सांगितलं होतं, “रंगीत सरबत, कोल्ड्रिंक असलं काही देऊ नका.” बायकोनं मान डोलावली. तिचं माहेर राहात्याकडं, भावाची डाळिंबाची बाग. आमच्या घरी पाहुणा आला, पोर पास झालं, कोणी आजारी पडलं, काहीही झालं तरी डाळिंब सोललं जातं.

त्यात त्या दिवशी नळाला पाणी नाही. आमच्याकडं ते एक दिवसाआड येतं आणि मी नेमका कोरडा दिवस गाठलेला. बायकोनं बादल्या, पिंप, पातेली भरून मोरीपासून संडासापर्यंत ओळ लावली होती. संध्याकाळपासून माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. तेवढ्यात शेजारचे काका भेटायला आले. कॅन्सरची तपासणी म्हटल्यावर लोक भेटायला येतातच, जणू आपण निघालोच. ते बसले आणि हलेनात. मी दर थोड्या वेळानं उठायचो, ते म्हणायचे, “बसा हो, घाई काय आहे?” आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात ना, तसं झालं. शेवटी मी म्हणालो, “काका, घाई मला नाही, माझ्या पोटाला आहे. तुम्ही निघा.” अजून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मी गळून खुर्चीत बसलो तेव्हा बायकोनं फडक्यातून दोनदा गाळलेला डाळिंबाचा रस पुढं केला. मला वाटलं अमृत. मी दोन पेले घेतले.

दवाखाना नगरमधलाच, लहानसा. जांभया देत बसलो. मग निळा पायजमा मिळाला, मागच्या बाजूला फाट असलेला, आणि पुढून घालायचा झगा. नर्स ठेंगणी, चटपटीत. मी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. आत कोण कोण असतं? दार बंद असतं का? मधेच कोणी येतं का? ती म्हणाली, “काका, तुम्ही तपासून घ्यायला आलात की आमची तपासणी करायला?”

मी म्हणालो, “दोन्ही,” आणि तिला आक्काचं सांगितलं. दादाचंही सांगितलं. ती हसायची थांबली. “मग नीट बघून घ्या,” म्हणाली.

मी नीट बघितलं. आत तिघंच होते. डॉक्टर, नर्स आणि एक मदतनीस मामा. डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. नर्सनं कमरेपासून खाली चादर टाकली, हवी तेवढीच जागा उघडी ठेवली. डॉक्टर तरुण होता. जे करायचं ते तो आधी तोंडानं सांगायचा. “आता जेली लावतोय, गार लागेल.” “आता दुर्बीण आत जातेय, संडासला लागल्यासारखं वाटेल, ते खरं नाही.” हे ऐकताना मला दादा आठवून इतका राग आला, की बाकीचं काही वेळ जाणवलंच नाही. एवढं सांगायला किती वेळ लागतो रे? एवढं कोणी त्याला सांगितलं असतं तर?

मग आतड्याचं वळण आलं आणि पोटात अशी कळ उठली, की तोंडातून थेट बाजारातली शिवी निघाली. आमचे वडील, आबा, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते, त्यामुळे आमच्याकडं शिव्यांचा साठा चांगला आहे.

“द्या शिव्या काका,” नर्स म्हणाली, “पण पोट सैल सोडा.”

“थांबा,” मी म्हणालो.

आणि डॉक्टर थांबला! खरंच थांबला. हात जागच्या जागी. मला कळेपेक्षा त्याचंच नवल वाटलं. त्यानं थोडी हवा काढून घेतली, नर्सनं पोटावर तळहात दाबला, म्हणाली, “गॅस आला तर सोडा, लाजू नका, आम्हाला सवय आहे.” मी लाजलो आणि सोडला. पुढचं सोपं गेलं.

समोर टीव्हीसारखा पडदा होता. त्यावर माझं आतडं दिसत होतं, गुलाबी, ओलं, गुळगुळीत. मी जरा रमलोच होतो म्हणा ना. आणि एकाएकी पडदा लाल झाला. खाली लाल पाणी साचलेलं. डॉक्टर गप्प झाला. इतका वेळ बोलणारा माणूस गप्प झाला. नर्सला म्हणाला, “पाणी मारा.”  मनात म्हटलं, आलं. दादाचं झालं, आता आपलं. बायकोचं पुढं कसं होणार, इथपर्यंत मी जाऊन आलो.

“काका,” डॉक्टर म्हणाला, “काल लाल काही प्यायलात का?”

“नाही. नुसतं पाणी, नारळपाणी आणि... डाळिंबाचा रस.”

“डाळिंबाचा?”

“गाळून! दोनदा गाळून!”

आधी मामा हसला, मग नर्स, मग डॉक्टर. आणि मग मी. टेबलावर कुशीवर पडून, दुर्बीण पोटात असताना, इतका हसलो की डॉक्टर म्हणाला, काका हलू नका. त्यानं ते लाल पाणी ओढून घेतलं, सगळं धुतलं, परत बघितलं. रक्ताचा थेंब नव्हता. आतडं स्वच्छ. मी बाहेर येऊन बायकोवर ओरडलो, तर ती म्हणाली, “रंगीत नको म्हणाल्या होत्या. डाळिंब काय रंगीत असतं का? बागेतला माल आहे तो, एक्सपोर्टचा!” अशा माणसाशी काय भांडणार. घरी जाऊन वरणभात खाल्ला आणि दुपारभर मेल्यासारखा झोपलो.

आक्काकडं गेलो तो बाजाराचा दिवस होता. रस्ताभर म्हशी भरलेले टेम्पो आणि धूळ. ती गोठ्यात शेण काढत होती. मी गव्हाणीवर बसून सगळं सांगितलं. एक शब्द खोटा सांगितला नाही, कारण आक्काला खोटं सांगितलेलं कळतं, आणि ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. दोन ठिकाणी दुखलं म्हणालो. थांबा म्हटल्यावर थांबतात म्हणालो.

“चादर कुठवर हुती?”

मी उभा राहून माझ्या अंगावर हातानं दाखवलं. म्हशी बघत होत्या.

“कोन हसलं?”

“सगळे हसले. मीपण.” डाळिंबाचं सांगितल्यावर आक्कानं खराटा टाकला आणि तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, जमलं. पण मग ती गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला टेकली आणि म्हणाली, “तू म्हनतोस थांबा म्हनल्यावर थांबत्यात. पर म्हनाया तर पायजे. मला न्हाई म्हनता यायचं.”

“का?”

“न्हाई निगत आवाज. पोरगा झाला तवा सुईन म्हनली, ही बाई हाय का दगड. तुजं दाजी गेलं तवा बाया म्हनल्या, रड गं, रड, तुंबून मरशील. आतून समदं हुतं. त्वांडातून न्हाई निगालं.” ती माझ्याकडं न बघता म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होती. “मी गप पडून ऱ्हाईन आन् त्यांन्ला वाटंल, हिला काय दुखत न्हाई. दादानं थांबा म्हनून कुनी थांबलं न्हाई. मी तर म्हननारच न्हाई.”

 ओरडावंसंही वाटेना, इतका थकवा आला. माझी सख्खी बहीण दुखतंय हा शब्द न बोलता एवढी म्हातारी झाली, आणि आम्ही सगळे तिला सोशीक सोशीक म्हणून वाखाणत बसलो. आग लागो त्या सोसण्याला.

“मी येतो आत,” मी म्हणालो. “डोक्यापाशी उभा राहतो. चादरीखाली माझा हात धर. तोंडानं नको बोलू. आबांसारखं बोल.”

आबा बाजारात सौदा करायचे तो तोंडानं नाही. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली, आणि भाव बोटं दाबून. चारचौघांत एक अक्षर फुटायचं नाही, चेहऱ्यावर रेघ हलायची नाही, आणि म्हैस विकली जायची. आम्ही तिघं भावंडं लहानपणी पंच्याखाली हात घालून हेच खेळायचो.

आक्कानं हात पदराला पुसले. मग म्हणाली, “एक बोट म्हंजी चालू द्या. दोन म्हंजी दमानं. मूठ आवळली की थांबा.”

“ठरलं.”

“वयनीला म्हनावं, डाळिंब आनू नको.”

नर्सनं डॉक्टरांना विचारून मला आत उभं राहायची परवानगी काढली. मामाला तिनं आपणहून बाहेर थांबवलं, त्याचं काम स्वतः केलं. आक्का डाव्या कुशीवर झोपली, डोक्यावरचा पदर नीट करून. तो पदर नर्सनं तसाच राहू दिला. बाकी झगा, पायजमा, चादर, सगळं झालं. मी डोक्यापाशी स्टुलावर बसलो आणि चादरीखाली हात घातला. आक्काचा हात धारा काढून काढून खरखरीत झालेला, आणि बर्फासारखा गार.

एक बोट. चालू द्या.

डॉक्टर सांगत होता, जेली, गार, आता दाब वाटेल. आक्का डोळे मिटून. तोंडावरची माशी हलली नसती. मग दोन बोटं दाबली गेली. मी म्हणालो, “हळू घ्या.” डॉक्टरनं हळू घेतलं. जरा वेळानं तो म्हणाला, “मावशी काहीच बोलत नाहीत, त्रास होतोय का?”

“बोलतेय ती,” मी म्हणालो. “माझ्याशी बोलतेय.”

वळणावर तिनं माझी मूठ अशी आवळली, की माझीच बोटं कळवळली. “थांबा!” मी ओरडलो. दोघंही थांबले. हवा काढली, तिला पाठीवर वळवलं, नर्सनं पोटावर हात ठेवला. आक्काच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी पदरात जिरत होतं, आवाज नाही. आम्ही सगळे तिच्या बोटाची वाट बघत राहिलो. मला त्या डॉक्टरच्या पाया पडावंसं वाटलं, कारण त्यानं एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही. मग हळूच एक बोट आलं.

तिचे डोळे मिटलेले, तिला पडदा दिसत नव्हता. मला दिसत होता. मी माझं स्वतःचं आतडं बघितलेलं, त्यामुळे चांगलं कसं दिसतं ते मला माहीत होतं. गुलाबी भिंत सरकत होती, सरकत होती, आणि मग ते आलं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, एका बाजूनं फुगलेलं, कडेला रक्ताळलेलं. डॉक्टर गप्प झाला. या वेळी डाळिंब नव्हतं.

मी चेहरा हलू दिला नाही. आबांचा मुलगा आहे मी. पण हात माझा नव्हता राहिला. चादरीखाली माझी मूठ आपोआप तिच्या बोटांवर आवळली गेली, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. आक्कानं डोळे उघडले आणि मला बघितलं.

“घावलं का?” तिनं विचारलं. त्या खोलीतला तिचा तो पहिला शब्द.

“घावलं,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार.

डॉक्टर पुढं होऊन तिच्या तोंडासमोर वाकला. म्हणाला, मावशी, एक गाठ आहे, तिचा लहानसा तुकडा तपासायला घेतो, तो घेताना दुखत नाही. अजून थोडं पुढं जाऊन बघायचं आहे, पण तुम्ही दमला असाल तर आज इथंच थांबू, नंतर परत या.

“आजच बघा,” आक्का म्हणाली. “आन् परत बोलीवलं तरी यीन मी.”

तुकडा तपासला, दादाला होतं तेच निघालं. पण आतड्यापुरतंच होतं, बाहेर गेलेलं नव्हतं. ऑपरेशन झालं, तो सगळा शीण पुन्हा एकदा झाला, बाक, वास, चहा, सगळं. आज आक्का धारा काढते, माझ्यावर डाफरते. मला अजून जांभया येतात. पण मला त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं आहे.

तपासणी झाल्यावर नर्सनं तिला बाजूच्या पडद्याआड झोपवलं. पोटातली हवा निघेपर्यंत पडून राहा म्हणाली. आक्का छताकडं बघत होती. मी स्टुलावर. दोघांनाही बोलायचा कंटाळा आला होता. बायको चहा सांगायला खाली गेली होती.

“दादाच्या टायमाला,” आक्का म्हणाली, “आत कोन हुतं?”

“डॉक्टर, आणि त्यांची माणसं.”

“आपलं कोन हुतं?”

“कोणी नाही. आम्ही बाहेर बाकावर होतो. आत येऊ देत नव्हते.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग तिनं चादर तोंडावर ओढली आणि चादरीच्या आतून आवाज यायला लागला. आधी मला कळेना कसला आवाज आहे, कारण तो मी जन्मात कधी ऐकला नव्हता. माझी बहीण रडत होती. लहान पोरासारखी, मोठ्यानं, हुंदक्यावर हुंदका, थांबता थांबेना. बाहेरचं बोलणं बंद पडलं. नर्स पडदा सारून धावत आत आली, तिच्या कपाळावर हात ठेवून विचारायला लागली, “मावशी, काय झालं? दुखतंय का? मावशी?”

“व्हय,” आक्का म्हणाली. “लई दुखतंय.”